मातीच्या रिंगणांतील पडता दिवस

शर्यत म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें जिंकणारा उभा राहतो. गुलाल त्याच्यावर उधळला जातो, ढाल त्याच्या हातीं पडते, आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत नांव येतें तेंही त्याचेंच. परंतु ज्या शर्यतींत बारा जण सुटतात तींत एक जिंकतो व अकरा हरतात, हा साधा हिशेब आपण सहसा करीत नाहीं. त्या अकरांमध्यें हौशी स्वार पुष्कळ असतात. आठवड्याचे सहा दिवस ते दुकानांत, शेतांत किंवा कारखान्यांत राबतात, सातव्या दिवशीं पदरच्या पैशानें गाडी घेऊन मैदानावर जातात, आणि सायंकाळीं धुळीनें माखून, क्वचित् लंगडत, घरीं परततात. अशाच एका हौशी स्वाराचा पडता दिवस हा आजच्या भाषणाचा विषय आहे. सपाट मातीच्या रिंगणांत मोटारसायकल पळविणाऱ्यावर वाईट दिवस कसा ओढवतो, त्यांत मातीचा वांटा किती, यंत्राचा किती आणि त्याच्या स्वतःच्या हाताचा किती, हें मी आज यथामति सांगणार आहें.

या खेळास फ्लॅट ट्रॅक असें नांव आहे. तो मूळचा आपला नव्हे. अमेरिकेंत ठिकठिकाणीं शेतकीप्रदर्शनें भरत, आणि त्यांच्या मैदानांत घोड्यांच्या शर्यतींसाठीं लांबट वर्तुळाकार मातीचे मार्ग केलेले असत. विसाव्या शतकाच्या आरंभीं मोटारसायकल आली, तेव्हां ती साहजिकच त्या आयत्या मार्गांवर धांवूं लागली. १९२४ मध्यें अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. १९४६ पासून १९५३ पर्यंत इलिनॉय संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें एका मैलाच्या रिंगणावर होणाऱ्या एकाच शर्यतीनें राष्ट्रीय विजेता ठरत असे; १९५४ पासून वर्षभरांतील अनेक शर्यतींचे गुण मोजून तो ठरविण्याची पद्धत सुरू झाली. याच खेळाचें दुसरें भावंड ऑस्ट्रेलियांत वाढलें. न्यू साउथ वेल्समधील वेस्ट मेटलंड या गांवीं १५ डिसेंबर १९२३ रोजीं अशाच शेतकी मैदानावर शर्यती झाल्या, आणि त्या परंपरेंतून स्पीडवे हा खेळ पुढें आला. १९ फेब्रुवारी १९२८ रोजीं लंडनजवळ हाय बीच येथें तो इंग्रज प्रेक्षकांनीं पाहिला. स्पीडवेमध्यें चार स्वार चार फेऱ्या मारतात, आणि त्यांच्या गाड्यांस ब्रेक मुळींच नसतो. हे दोन्ही खेळ शेतकऱ्यांच्या मेळ्यांत वाढले, ही गोष्ट खानदेशच्या श्रोत्यांस परकी वाटूं नये.

आपल्या देशांतही मोटारसायकलची परंपरा जुनी आहे. मद्रासेस एन्फील्ड गाड्यांची जुळणी १९५५ मध्यें सुरू झाली. महाराष्ट्रांत मातीवरच्या शर्यतींचें माहेर म्हणजे पुणें. जानेवारी २०२४ मध्यें इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी तेथेंच, बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत, झाली. परंतु सुपरक्रॉसमध्यें मातीचे उंचवटे व उड्या असतात. आपल्या विषयांतील रिंगणावर ना उडी, ना चढ. दोन सरळ पट्टे, दोन वळणें, आणि दोन्हीं वळणें डावींच. रॉयल एन्फील्ड कंपनीनें स्लाईड स्कूल या नांवाचे वर्ग भारतांत चालवून या डाव्या वळणाचें शास्त्र हौशी लोकांस शिकविलें, तेव्हां आपल्याकडील कित्येकांस तें प्रथम कळलें.

विषय नुसता कागदी राहूं नये म्हणून आपण एक काल्पनिक स्वार घेऊं. धुळ्याच्या उत्तरेस सुमारें वीस किलोमीटरांवर, मुंबई–आग्रा महामार्गालगत, सोनगीर आहे. टेकडीवर जुना किल्ला आणि खालीं तांब्यापितळेच्या भांड्यांवर पडणारे हातोडीचे ठोके, अशी या गांवाची ओळख. समजा, तेथील तांबटाचा एक तरुण मुलगा आहे. वडिलांच्या दुकानांत हंडे-कळश्या ठोकून त्यानें पैसे सांठविले, एक लहान इंजिनाची जुनी गाडी घेतली, ती शर्यतीसाठीं सिद्ध केली, आणि आज तो अशा एका मेळाव्यास आला आहे. त्याचें नांव आपल्यास नको. त्याचा दिवस तेवढा पाहूं.

प्रथम जमिनीचा विचार केला पाहिजे. कारण या खेळांत खरा प्रतिस्पर्धी जमीन हाच असतो. ज्यानें खळें केलें आहे त्याला हें रिंगण समजावून सांगावें लागणार नाहीं. खळें करतांना आपण ढेकळें फोडतों, पाणी शिंपतों, जमीन चोपतों, शेणानें सारवतों, आणि मग बैलांची पात मेढीभोंवतीं फिरूं लागते. पाणी कमी पडलें तर खळें भुसभुशीत होऊन दाण्यांत माती येते; अधिक झालें तर बैलाचे खूर रुततात. रिंगण सिद्ध करणाऱ्याचीही कसोटी हीच. आपली काळी कापशीची माती मात्र या कामीं उपयोगाची नाहीं. ती पाणी पिऊन फुगते, चिखल होऊन चाकास चिकटते, आणि उन्हाळ्यांत आकसून तीस भेगा पडतात. रिंगणासाठीं मुरूम, चिकणमाती, दगडाचा बारीक चुरा अशा पदार्थांचें मिश्रण लागतें. दाबलें असतां तें घट्ट बसलें पाहिजे, आणि ओल धरून ठेवण्याइतकी चिकणाई त्यांत असली पाहिजे.

अशा रिंगणाचे स्थूलमानानें दोन प्रकार होतात. पहिल्या प्रकारांत वरचा थर सुट्या मातीचा असतो. चाक त्यांत किंचित् रुतून आधार घेतें, आणि स्वारास आंतून, मधून व बाहेरून अशा अनेक वाटा मोकळ्या राहतात. दुसऱ्या प्रकारांत माती दडपून दगडासारखी झालेली असते. तीवर टायरांचें रबर घासून बसतें आणि काळसर निळ्या झांकेचा एक गुळगुळीत पट्टा उमटतो. साऱ्या रिंगणाची पकड त्या एका पट्ट्यांत एकवटते. त्याच्या बाहेर हातभर गेलें कीं सुटे खडे. पसरलेल्या जोंधळ्याच्या दाण्यांवर पाय पडावा तशी चाकाची गत होते.

यांतील मर्म असें कीं, एकच रिंगण एकाच दिवसांत या दोन्हीं अवस्थांतून जाऊं शकतें. सकाळीं पाणी मारून, वखर फिरविल्यासारखी वरची माती सारखी करून तें मऊ ठेवलेलें असतें. ऊन चढतें, ओल उडते, शेंकडों चाकें त्याच मार्गानें जातात, आणि दुपारपर्यंत माती घट्ट होऊन पट्टा उमटूं लागतो. मध्यंतरीं कामगार पुनः पाणी मारतात, तेव्हां कांहीं काळ तें निसरडें होतें. सकाळीं पाठ केलेला धडा दुपारीं उपयोगी पडत नाहीं. अनुभवी स्वार दोन शर्यतींच्या मधल्या वेळांत कठड्याशीं उभा राहून जमिनीचा रंग पाहत असतो. नवखा त्या वेळांत सावलींत बसून चहा घेतो.

आतां गाडीकडे वळूं. रिंगणावरील या गाडीस पुढचा ब्रेक नसतो. मागचा तेवढा असतो. ऐकणाऱ्यास हें वेडेपणाचें वाटेल, परंतु त्यांत शहाणपण आहे. मागचें चाक घसरलें तर स्वार त्यास सांवरूं शकतो, किंबहुना तें घसरविणें हीच येथील कला आहे. परंतु पुढचें चाक घसरलें तर गाडी क्षणांत पायाखालून निसटते. मातींत झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबणें म्हणजे तें संकट हातानें ओढवून घेणें होय. शिवाय मागून दहा जण येत असतांना पुढच्यानें एकाएकीं वेग कमी केला, तर सर्वच एकमेकांवर आदळतील. स्वाराच्या डाव्या बुटाखालीं पोलादी तळ बांधलेला असतो. वळणांत तो डावा पाय बाहेर काढून जमिनीवरून अलगद सरकवीत नेतो. पायानें गाडी तोलावयाची नसते. जमीन किती जवळ आली आहे आणि ती कशी आहे, हें त्या पायानें चांचपावयाचें असतें. आपल्या तांबटानें हा तळ स्वतःच ठोकून केला आहे. पितळ त्यानें वापरलें नाहीं, कारण तें घासून लवकर झिजलें असतें.

आतां या खेळाचें गणित पाहूं. तें कठीण नाहीं. गाडी व स्वार मिळून वजन २०० किलो आहे, वळणाची त्रिज्या ३० मीटर आहे व वेग ताशीं ५० किलोमीटर आहे, असें समजा. गाडीस वळणावर धरून ठेवण्यासाठीं मातीनें तिला आंतल्या अंगास सुमारें १३१ किलो वजनाइतक्या जोरानें रेटलें पाहिजे. वेग ६० केला तर हाच आंकडा १८९ वर जातो. वेग पांचवा हिस्साच वाढला, पण मातीकडील मागणी शेंकडा ४४ नीं वाढली. कारण ही मागणी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असते. आणि १८९ म्हणजे गाडी व स्वार यांच्या एकंदर वजनाच्या जवळ जवळ इतका जोर झाला. कोरड्या, सुट्या मातीजवळ इतकी पकड शिल्लक नसते. सकाळीं ओल्या मातीनें जें दिलें तेंच दुपारीं कोरड्या मातीकडे मागणारा स्वार, तिजोरींत नसलेल्या रकमेची हुंडी लिहीत असतो.

मग स्वार वळतात तरी कसे? येथें या खेळाची सर्वांत विलक्षण गोष्ट येते. वळण जवळ आलें कीं स्वार उजव्या हाताची मूठ सैल करतो, गाडी डावीकडे झुकवितो आणि मागचें चाक मुद्दाम बाहेर घसरूं देतो. गाडीचें तोंड वळणाच्या आंत फिरतें. त्याच क्षणीं तो पुढचें चाक उजवीकडे, म्हणजे घसरणीच्या दिशेस, वळवितो आणि मूठ पुनः पिळतो. इंजिनाच्या जोरानें मागचें चाक मातींत फिरत राहतें, गाडीस वळणाभोंवतीं ढकलतें, आणि वेगही आवरून धरतें. स्वार गाडीबरोबर झुकत नाहीं. गाडी खालीं दाबून तो स्वतः तिच्या वरच्या अंगास ताठ बसतो. या साऱ्या काळांत गाडीची दिशा हातापेक्षां मुठीनें ठरते. मूठ थोडी अधिक पिळली तर मागचें चाक आणखी बाहेर जातें. थोडी सैल केली तर तें आंत येतें. अमेरिकेंतील एका मैलाच्या रिंगणांवर सरळ पट्ट्यावर ताशीं दोनशे किलोमीटरांहून अधिक वेग होतो, आणि तेथूनच स्वार अशा घसरणींत शिरतात.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे हौशी स्वार कां पडतो हें सहज उमजतें. गाडी घसरूं लागली कीं भीति वाटते. भीति वाटली कीं मनुष्य मूठ एकदम सोडतो. रस्त्यावर ही संवय कित्येकदां तारते. रिंगणावर तीच घात करते. मूठ सुटतांच फिरणारें चाक मंदावतें, घसरणारा टायर मातींत एकाएकीं पकड घेतो, आडवी जाणारी गाडी झटक्यानें ताठ उभी राहते, आणि गोफणींतून दगड सुटावा तसा स्वार उजवीकडे फेंकला जातो. याला इंग्रजींत हायसाईड म्हणतात. दुसरा प्रकार लोसाईडचा. त्यांत पकड पूर्ण जाऊन गाडी आंतल्या बाजूस निजते आणि स्वार तिच्या मागोमाग घसरत जातो. दुसरा प्रकार पहिल्यापेक्षां पुष्कळ सौम्य आहे, कारण त्यांत मनुष्य उंचावरून पडत नाहीं. भीतीनें शिकविलेली हालचाल विसरून तिच्या उलट हालचाल अंगीं बाणविणें हें या विद्येचें सार आहे, आणि तें वाचून येत नाहीं. लहान इंजिनाच्या गाडीवर, कमी वेगांत, एका लहान वर्तुळाभोंवतीं तासन्‌तास फिरूनच तें येतें.

आतां आपल्या तांबटाचा दिवस पाहूं. सकाळीं सरावाच्या फेऱ्या झाल्या. मातींत ओल होती, चाक धरीत होतें, वेळही चांगली लागली. तो आनंदला, आणि साखळीचें मागचें दांतेरी चक्र व टायरांतील हवा त्या सकाळच्या मातीस साजेशी ठेवून निश्चिंत झाला. वाईट दिवसाचें बीज पुष्कळदां अशा चांगल्या सकाळींच पेरलेलें असतें.

दुपारीं त्याची पहिली फेरी आली. सुटण्याची खूण होतांच त्यानें क्लच एकदम सोडला. मागचें चाक जागींच फिरलें, मातींत खड्डा पडला, आणि इतर सारे पुढें गेले. पहिल्या वळणाशीं तो शेवटीं होता. शेवटच्या स्वारास दुहेरी दंड असतो. एक अंतराचा, आणि दुसरा पुढच्यांच्या मागच्या चाकांतून उडणाऱ्या मातीचा. ढेकळें छातीवर, हातावर, चष्म्यावर बसतात. चष्म्यावर पारदर्शक पातळ पडदे लावलेले असतात; एक मळला कीं तो ओढून टाकावयाचा. आपल्या स्वारानें घाईंत दोन-दोन पडदे एकदम ओढले, आणि शर्यत अर्धी होण्यापूर्वींच ते संपले. पुढील फेऱ्या त्यानें मळक्या कांचेंतून पाहिल्या.

माती तोंवर सुकली होती व पट्टा उमटला होता. पट्ट्यावरून पुढच्यास ओलांडतां येत नाहीं, म्हणून त्यानें बाहेरची वाट धरली. सकाळीं तेथें ओल होती. आतां तेथें खडे होते. मागचें चाक अपेक्षेपेक्षां अधिक बाहेर गेलें, त्यानें मूठ सोडली, चाक सरकत पुनः पट्ट्यावर आलें, टायरनें पकड घेतली, आणि मघां वर्णिलेला प्रकार घडला. तो उजव्या खांद्यावर पडला. हेल्मेट जमिनीवर आपटलें. लाल निशाण दाखवून शर्यत थांबविण्यांत आली. अशा वेळीं शर्यत पुनः सुरू होते तेव्हां ज्याच्यामुळें ती थांबली त्यास बहुधा सर्वांच्या मागें उभें केलें जातें. परंतु आपल्या स्वारापुढें प्रश्न रांगेंतील जागेचा नव्हता. गाडी धांवण्याजोगी आहे कीं नाहीं हा होता.

क्लचची कांडी मोडली होती, पाय ठेवण्याचा खुंट वांकला होता, आणि हँडलची दांडी एका अंगास दबली होती. वांकलेला खुंट ठोकून सरळ करावा, दांडीही तशीच सरळ करून वेळ मारून न्यावी, हा मोह कोणास होणार नाहीं? परंतु हा मुलगा तांबट आहे. तांब्याचा पत्रा ठोकतां ठोकतां कठीण होतो, आणि तसाच ठोकीत राहिलें तर चिरतो; म्हणून तांबट तो पुनः पुनः भट्टींत लालबुंद तापवून मऊ करतो व मगच पुढचा ठोका घालतो, हें त्यास बाळपणापासून ठाऊक आहे. थंड दांडी वांकली आणि थंडच सरळ केली, तर तीही आंतून तशीच दुखावलेली असते. बाहेरून ती सरळ दिसेल, परंतु भर वळणांत हातांत तुटेल. त्यानें दांडी फेंकून दिली. दुसरी त्याच्याजवळ नव्हती. ती त्याला शेजारच्या एका प्रतिस्पर्ध्यानें दिली. हौशी स्वारांच्या मेळाव्यांत हा प्रकार नेहमींचा आहे. ज्याला घटकाभरांत हरवावयाचें त्याच्याच पेटींतील पाना व दांडी मागून घेतात, आणि तो देतोही.

सायंकाळीं गाडी सिद्ध झाली. मुख्य शर्यतींत शिरण्याची अखेरची संधी म्हणून जी फेरी ठेवतात, तिची वेळ झाली. साऱ्या दिवसांतील अवघड क्षण हाच. पडतांना विचार करावयास सवड नसते. आतां ती होती. प्रवेशाचे पैसे भरलेले आहेत, धुळ्याहून मित्र पाहावयास आलेले आहेत, दांडी मागून आणलेली आहे, आणि डोकें मात्र दुपारपासून जड आहे. दोनदां मळमळलें. पडण्यापूर्वींच्या फेरींत आपण कितवे होतों हें त्यास आठवत नाहीं.

श्रोतेहो, येथें वैद्यकाचें म्हणणें स्पष्ट आहे. डोक्यास धक्का बसल्यावर डोकेदुखी, मळमळ, भोंवळ, गोंधळ किंवा विस्मरण यांपैकीं कांहींही दिसलें, तर खेळाडूनें त्या दिवशीं पुनः मैदानांत उतरूं नये व डॉक्टरास दाखवावें. शुद्ध हरपली नाहीं एवढ्यावरून मेंदूस इजा झाली नाहीं असें ठरत नाहीं. धक्का बसलेला मेंदू सावध नसतो. त्याची हालचाल मंद होते, आणि ज्या खेळांत मुठीच्या अर्ध्या पिळण्यावर जीव अवलंबून आहे तेथें मंद हात म्हणजे दुसरें पडणें. तें दुसरें पडणें पहिल्याहून फार घातक ठरूं शकतें. हेल्मेटचीही तीच कथा. त्याच्या आंतील फेसासारखा थर चिरडून धक्का पचवितो, आणि एकदां चिरडला कीं पुनः फुगत नाहीं. वरून अभंग दिसणारें हेल्मेट आंतून निकामी झालेलें असतें. जोरानें आपटलेलें हेल्मेट पुनः डोक्यावर चढविणें म्हणजे सरळ केलेली तीच दांडी पुनः बसविणें होय.

आपल्या तांबटानें गाडी उभी केली, दांडी सोडवून ज्याची त्यास परत दिली, आणि मित्राला गाडीच्या टेंपोची किल्ली दिली. निकालपत्रकांत त्याच्या नांवापुढें आंकडा आला नाहीं. माझ्या मतें त्या दिवसांतील त्याचा सर्वांत कुशल निर्णय हाच होता.

असा दिवस केवळ नवख्यावरच येतो असें मात्र कोणीं समजूं नये. स्पेनचा मार्क मार्केझ २०१३ मध्यें मोटोजीपी या सर्वश्रेष्ठ गणल्या जाणाऱ्या डांबरी शर्यतीचा जगज्जेता झाला. जानेवारी २०१४ मध्यें बार्सिलोना येथें बंदिस्त क्रीडागृहांत मातीच्या रिंगणावर त्याची गांठ अमेरिकेच्या ब्रॅड बेकरशीं पडली. बेकर हा २०१३ चा अमेरिकन फ्लॅट ट्रॅक विजेता. अखेरच्या लढतींत मार्केझ पडला आणि बेकर जिंकला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मार्केझ त्याच रिंगणावर परत आला आणि विजयी झाला. अमेरिकेचा केनी रॉबर्ट्स यानें १९७३ व १९७४ मध्यें मातीवरील शर्यती ज्यांत प्रमुख होत्या असें अमेरिकेचें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें, आणि घसरणींतून शिकलेली मुठीची विद्या डांबरावर नेऊन १९७८, १९७९ व १९८० अशीं सलग तीन वर्षें ५०० सी. सी. वर्गाचें जागतिक अजिंक्यपद जिंकलें. त्याच परंपरेंतील निकी हेडन २००६ मध्यें मोटोजीपीचा जगज्जेता झाला.

परंतु नाण्याची दुसरी बाजू झांकून ठेवणें हा श्रोत्यांशीं अप्रामाणिकपणा होईल. ज्या बेकरनें मार्केझवर विजय मिळविला, त्याच बेकरला जुलै २०१८ मध्यें मिनिॲपोलिस येथील एक्स गेम्सच्या वेळीं अपघात होऊन पाठीच्या कण्यास इजा झाली व कमरेखालील अंग लुळें पडलें. कौशल्य संकट कमी करतें. तें नाहींसें करीत नाहीं. म्हणूनच फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संस्थेच्या नियमांखालीं होणाऱ्या शर्यतींत परवाना, साधनांची तपासणी व डॉक्टरांची उपस्थिति यांचा आग्रह असतो. आईबापांनीं मुलास अशा खेळास पाठविण्यापूर्वीं ढाल किती मोठी हें विचारूं नये. रुग्णवाहिका कोठें उभी आहे हें विचारावें.

आणि आतां शेवटचा मुद्दा, जो सोनगीरच्या वेशीशींच उभा आहे. आपल्या गांवांवरून जाणारा महामार्ग रुंद व गुळगुळीत आहे, आणि तरुणांच्या हातीं आज ज्या गाड्या आहेत त्या शर्यतीच्या रिंगणावरील पुष्कळ गाड्यांहून अधिक वेगवान आहेत. २०२२ मध्यें भारतांतील रस्त्यांवर १ लक्ष ६८ हजार ४९१ माणसें अपघातांत मरण पावलीं, आणि त्यांतील शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचीं होतीं. रिंगणांत सारे एका दिशेस धांवतात. रस्त्यावर समोरून मालमोटार येते, बाजूनें बैलगाडी वर चढते, आणि विना दिव्याचा ट्रॅक्टर अंधारांत उभा असतो. रिंगणांत पडलेल्यासाठीं लाल निशाण फडकतें. महामार्गावर मागून येणाऱ्यास तो दिसतही नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें हेल्मेट बंधनकारक केलें आहे, तरी तें आपल्याकडे पुष्कळदां आरशास अडकवूनच नेलें जातें.

वेगाची हौस तरुणपणीं असावयाचीच. ती उपदेशानें जात नाहीं. तिला जागा दिली पाहिजे. मोकळ्या मैदानावर मुरुमाचें एक लहान रिंगण, जाणता शिक्षक, कमी शक्तीच्या गाड्या आणि बाजूस उभा असलेला डॉक्टर, एवढी सोय एखाद्या तालुक्याच्या ठिकाणीं झाली, तर महामार्गावर चाललेली पुष्कळशी शर्यत तेथें वळवितां येईल. खळें कसें करावें हें आपल्या शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं, आणि पोलादी तळ ठोकून देणारे कारागीर सोनगिरास आहेतच.

ज्यांना या खेळाची खरी हौस असेल त्यांना एवढेंच सुचवितों कीं, एक वही ठेवावी. मेळाव्याहून परत आल्यावर, राग किंवा लाज ताजी असतांनाच, तींत तीन गोष्टी लिहाव्या. त्या दिवशीं माती कशी होती व केव्हां पालटली. गाडीची मांडणी काय होती. आणि आपल्या हातानें काय केलें. आपला तांबट त्या रात्रीं लिहूं शकला नाहीं, कारण डॉक्टरानें त्यास निजावयास सांगितलें होतें. दोन दिवसांनीं त्यानें लिहिलें: माती दुपारीं सुकली, मीं ती पाहिली नाहीं, दांतेरी चक्र बदललें नाहीं, मूठ सोडली. या तीन ओळींतच त्याच्या पुढच्या सहा महिन्यांचा अभ्यास आहे.